पेरिस्कोप: आरशांचं काम झालं, आता भिंगं

माझ्या पेरिस्कोपची, म्हणजे आडोशामागून पलीकडचं दाखवणारी, नळी तयार झाली. 110 मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना 45 अंशांत बसवलेले 60 × 85 मिमीचे आरसे, मधलं अंतर 1.2 मीटर. कुंपणाच्या भिंतीपलीकडचा रस्ता सुलटा दिसतो, पाट्याही नीट वाचता येतात. 45 अंशांत कललेल्या आरशाची लांबी खिडकीच्या (प्रकाश आत येतो त्या उघड्या भागाच्या) 1.41 पट लागते, म्हणून 60 च्या खिडकीला 85 चा आरसा.

आरसे फ्रंट-कोटेडच (मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असलेले) घ्या, याबाबत मी ठाम आहे. घरच्या आरशात मुलामा काचेच्या मागे असतो, काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परतवतो आणि रात्री प्रत्येक दिव्याशेजारी एक फिकट दिवा दिसतो.

जुळवणीत महत्त्वाचं आहे ते दोन्ही आरसे एकमेकांना समांतर असणं. दोन्ही 44 अंशांत असले तरी बाहेर पडणारा किरण आत आलेल्या किरणाला समांतरच राहतो. एकच आरसा 1 अंशाने हलला, तर दृश्य 2 अंशांनी सरकतं. म्हणून स्क्रू फक्त खालच्या आरशामागे दिलेत.

वरचं टोक मुद्दाम फिरतं ठेवलंय. ते एकटंच 90 अंश फिरवलं की क्षितिज उभं होतं, 180 अंश फिरवलं की सगळं उलटं! पाणबुडीत अख्खी नळी फिरवत पाहणाराही तिच्याभोवती का फिरायचा, ते इथे डोळ्यांनी कळतं.

खरी अडचण लांबीची आहे. 1.2 मीटरवरची 60 मिमीची खिडकी म्हणजे जेमतेम 3 अंशांचं दृश्य. हात लांब करून अंगठा धरला तर तो साधारण 2 अंश झाकतो, म्हणजे बघा किती थोडं. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या खंदकांत साध्या आरशांच्या पेट्यांवर भागलं, कारण त्या आखूड होत्या. विल्यम बीच या ऑस्ट्रेलियन सैनिकाने तर तिथे रायफललाच असे आरसे जोडले. रणगाड्यातही चिलखताच्या जाडीपुरतीच उंची लागते. तिथे पोलंडच्या रुडॉल्फ गुंडलाखने 1936 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत मान न वळवता मागचंही दिसायचं. पण पाणबुडीची नळी दहा मीटरच्या घरातली, तीही बारीक. तिथे नुसत्या आरशांतून दृश्याचा एक ठिपका उरेल. म्हणून आत भिंगांची मालिका लागते, आणि माझ्या मते पेरिस्कोपची खरी गंमत त्या मालिकेत आहे. (अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांत आता डोलकाठीवर कॅमेरे आहेत, आत फक्त केबल येते. त्यामुळे पाहणाऱ्याला नळीखाली उभं राहावं लागत नाही.)

सध्या लाकडी पट्टीवर मांडणी केली आहे. वर 100 मिमी फोकल लेंग्थचं (म्हणजे दूरच्या दृश्याची प्रतिमा भिंगापासून तेवढ्या अंतरावर पडते) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे दृश्याकडचं भिंग, उलटी प्रतिमा बनवतं. तिच्यापासून 400 मिमीवर 200 चं रिले भिंग (प्रतिमा पुढे पोचवणारं), ते आणखी 400 मिमीवर तीच प्रतिमा त्याच आकारात सुलटी करून देतं. मग 100 चा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग. वर्धन 1 पट, एकूण लांबी 1 मीटर, म्हणजे आहे त्या नळीत बसतं. 40 मिमीची प्रतिमा मिळाली तर दृश्य सुमारे 22 अंश!

फील्ड लेन्सशिवाय (प्रतिमेपाशी ठेवायच्या भिंगाशिवाय) मात्र यातलं फारसं हाती लागत नाही. कडेचे किरण रिलेला चुकवून नळीच्या भिंतीवर जातात, मध्ये उजेडाचा गोल आणि भोवती अंधार. पहिल्या प्रतिमेपाशी 80 मिमी फोकल लेंग्थचं भिंग ठेवलं, की ते कडेच्या किरणांना वळवून रिलेच्या मध्यात आणतं (1/100 + 1/400 = 1/80). दुसऱ्या प्रतिमेपाशीही तसंच एक. ही भिंगं ठेवल्यावर कडा उजळल्या, ते पाहताना फार आनंद झाला.

आता नळीला आतून फळ्याचा काळा रंग आणि भिंगांसाठी कड्या. फील्ड लेन्स प्रतिमेच्या नेमक्या जागी ठेवली तर तिच्यावरचा धुळीचा कणही दृश्याइतकाच स्पष्ट दिसतो, म्हणून तिची कडी 10-15 मिमी पुढेमागे सरकेल अशी करतोय.