तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी सुरेख चित्रं आणि विनोद असले?

मी चित्रं काढते आणि ॲनिमेशन शिकवते. आवडत्या मालिकांचा विषय निघाला की मी 'पँटी अँड स्टॉकिंग विथ गार्टरबेल्ट' हे नाव घेतेच. ज्यांनी ती थोडीफार पाहिलेली असते त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "चित्रं अप्रतिम आहेत, पण विनोद किती घाणेरडे! ते गाळून चित्रं तेवढी ठेवता आली नसती का?" काही जण जरा दबक्या आवाजात पुढचंही विचारतात, की बाई असून तुम्हाला हे आवडतं कसं?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. ही जपानी मालिका 2010 च्या अखेरीस आली, भाग 13. निर्मिती गायनॅक्स स्टुडिओची, म्हणजे 'इव्हँजेलियन' ही गाजलेली मालिका बनवणाऱ्यांची. दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी, ज्यांनी उमेदवारी केली तीही 'इव्हँजेलियन'वरच. स्वर्गातून वाईट वागणुकीमुळे हाकलून दिलेल्या दोन बहिणी, पँटी आणि स्टॉकिंग, डेटन सिटी नावाच्या शहरात भुतं मारतात. भूत मारलं की स्वर्गाची नाणी मिळतात आणि पुरेशी साठली की परत जाता येतं. एकीचं अंतर्वस्त्र पिस्तूल होतं, दुसरीचे मोजे तलवारी होतात. एकीला पुरुषांचा नाद, दुसरीला गोडाचा. दोघींच्या तोंडी अखंड शिव्या. मालिकेच्या पहिल्याच गोष्टीतलं भूत विष्ठेचं आहे, यावरून पुढचा अंदाज यावा.

तर, विनोद गाळून चित्रं ठेवता आली असती का? माझ्या मते नाही. तो विनोद होता म्हणून ती रेषा तशी आली.

2010 च्या आसपासचं कुठलंही टीव्ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, आठवून पाहा. बारीक रेषा, केसांवर चमक, पाणीदार डोळे, कपड्यांची प्रत्येक चुणी. असं पात्र हलवायचं म्हणजे प्रत्येक चित्रात त्या सगळ्या रेषा पुन्हा काढायच्या. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात, पण टीव्ही ॲनिमेमध्ये एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, आणि बरेचदा त्याहूनही कमी. ही काटकसर 1963 च्या 'ॲस्ट्रो बॉय' या जपानी टीव्ही मालिकेपासून चालत आलेली आहे. इमाइशींनी इथे सगळा तपशीलच काढून टाकला. जाड काळी बाह्यरेषा, सपाट रंग, छाया जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी कार्टून नेटवर्कवर 'पॉवरपफ गर्ल्स' पाहिलं आहे त्यांना हे रूप चटकन ओळखीचं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, अमेरिकन कार्टूनचा हा उघड प्रभाव आहे. पात्र इतकं साधं झालं की त्याला वाटेल तसं ताणता येतं. राग आला की दात चेहऱ्याबाहेर, आनंद झाला की सगळं अंग एकाच वळणात. मधली चित्रं गाळून एका टोकाच्या ढंगातून थेट दुसऱ्या टोकाच्या ढंगात उडी. हे तंत्र जपानमध्ये योशिनोरी कानादा या ॲनिमेटरने रुजवलं आणि इमाइशी त्याच परंपरेतले.

आता विष्ठेच्या भुताकडे परत या. तेच भूत बारीक रेषेत, छटा देऊन, ओलसर चमक दाखवून काढलं असतं तर आपण टीव्ही बंद केला असता. इथे ते सपाट रंगाचा, गोल वळणांचा एक ढिगारा आहे. त्याचा आकार एका नजरेत कळतो, त्याचं वजन कळतं, आणि घाण वाटायच्या आत हसू येतं. ओंगळ गोष्ट पडद्यावर किती वेळ राहिली की हसू येईल आणि कुठल्या क्षणी ते किळसेत बदलेल, हे फ्रेम मोजून ठरवावं लागतं. करुण प्रसंगात दोन-चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर खपतात. पाचकळ विनोदात एखादी जास्त झाली तरी हसू मरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना वेळेचं गणित शिकवताना ही मालिका सांगते.

याच मालिकेत शैली मुद्दाम मोडली जाते, तेव्हा काय होतं तेही बघण्यासारखं आहे. बहिणी शस्त्रं काढतात तो प्रसंग घ्या. एरवी ठेंगण्या, मोठ्या डोक्याच्या या मुली अचानक उंच, बांधेसूद होतात, रेषा बारीक होते, अंगावर छाया-प्रकाश येतो, आणि खांबाभोवतीचा एक सावकाश नाच सुरू होतो. ओठांवर प्रार्थनेसारखे शब्द, शेवटी सणसणीत शिवी. जादूने रूप पालटणाऱ्या मुलींच्या ॲनिमेत अशी दृश्यं वर्षानुवर्षं येत आली आहेत, आणि त्यात लाडिक निरागसतेआडून प्रेक्षकाला काय दाखवलं जातं हे सगळ्यांना माहीत असतं. इमाइशी ते झाकत नाहीत. पात्ररचनाकार अत्सुशी निशिगोरी यांनी या दोन्ही रूपांत चेहऱ्यांची ओळख जराही ढळू दिलेली नाही, हे मला फार मोठं काम वाटतं.

आणि भूत मरतं तेव्हा? चित्रच संपतं. पडद्यावर त्या भुताची हाताने बनवलेली छोटी प्रतिकृती येते, खऱ्या कॅमेऱ्यासमोर, आणि ती खरोखरच्या स्फोटात उडते. काही सेकंदांच्या एका गमतीसाठी कुणीतरी टेबलावर बसून ती घडवली, रंगवली आणि उडवून दिली. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, अजूनही वाजवते.

याच मालिकेतली 'व्हॉमिटिंग पॉइंट' ही गोष्ट मात्र वेगळीच आहे. दिग्दर्शन ओसामु कोबायाशी यांचं, जे 2021 मध्ये गेले. नावावरून कळतंच की विषय ओकारीचा आहे. पण नायक आहे एक उतारवयाकडे झुकलेला नोकरदार, ज्याला घरीही किंमत नाही आणि कचेरीतही नाही. रंग मळकट, माणसं खऱ्यासारखी, हालचाल संथ. दोघी बहिणी पाहुण्यासारख्या येऊन जातात. अशा माणसाचं रोजचं कुढणं मालिकेच्या चकचकीत जाड रेषेत मावलंच नसतं, म्हणून रेषा बदलली. ओकारी मात्र तीच राहिली, आणि तिचा अर्थ बदलला. मला विचाराल तर सबंध मालिकेतली ही सर्वांत चांगली गोष्ट, आणि सर्वांत ओंगळ विषयांपैकीही एक.

हे जपानला नवीन आहे असंही नाही. एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) पादण्याच्या लढाईची चित्रगुंडाळी आहे, 'हे-गास्सेन'. तिची एक प्रत वासेदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. माणसं एकमेकांवर, घोडेस्वारांवर वायू सोडताहेत, कुणी पंख्याने परतवतोय, कुणी पोत्यात भरून ठेवतोय. वायूला आकार नसतो, रंग नसतो. चित्रकाराने तो सरळ, झोतासारख्या रेषांनी दाखवला आणि त्या जोराने माणसं कशी कोलमडतात ते कुंचल्याच्या फटकाऱ्यांत पकडलं. विषय सभ्य असता तर या रेषा शोधायची वेळच त्याच्यावर आली नसती. आपल्या तमाशात मावशीची चावट बतावणी काढून टाका आणि गवळण तेवढी ठेवा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. तिथला ढोलकीचा ठेका त्या शब्दफेकीच्या अंगानेच वाढलेला असतो.

याचा अर्थ या मालिकेतलं सगळं मला पटतं असा नाही. गार्टरबेल्ट हा त्या बहिणींचा कृष्णवर्णीय धर्मगुरू. कोवळ्या मुलांकडे ओढ असणारा म्हणून त्याच्यावर पुन्हा पुन्हा विनोद केले आहेत, ते मला सहन होत नाहीत. विषय गंभीर आहे हे एक कारण झालंच. पण चित्रकार म्हणून बघितलं तरी त्या प्रसंगांत काही नाही. एक हावभाव, एक वाक्य, पुढे चला. रेषेने काहीही शोधलेलं नाही. ब्रीफ नावाच्या बुजऱ्या मुलाला नकोसं वाटत असताना छळण्याचे काही प्रसंगही असेच पोकळ आहेत. अशा ठिकाणी विनोद घाणेरडा आहे ही तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

राहिला बाईचा प्रश्न. पडद्यावरच्या बायकांना वासना असू नये, भूक असू नये, त्यांनी ढेकर देऊ नये, घामेजू नये, अशी अपेक्षा घेऊन काढलेली हजारो पात्रं मी पाहिली आहेत. पँटी आणि स्टॉकिंग खातात, घोरतात, हव्या त्या पुरुषामागे जातात, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत. त्यांच्या शरीराकडे कॅमेरा लाळघोटेपणाने बघतो असे क्षणही आहेत, ते मला दिसतात. पण त्याच शरीरांना हसं होण्याचा, कुरूप दिसण्याचा पूर्ण हक्क दिलेला आहे, आणि तो स्त्री-पात्रांना ॲनिमेत क्वचितच मिळतो.

2010 मध्ये मालिका अर्ध्यावर लटकवून संपवली होती. पुढच्याच वर्षी इमाइशी आणि सहकाऱ्यांनी ट्रिगर हा स्टुडिओ काढला, आणि अखेर 2025 मध्ये तिथूनच नवा हंगाम आला, प्राइम व्हिडिओवर. सुरुवात जुन्या मालिकेपासूनच करा, कारण नवी थेट त्या लटकलेल्या टोकापासून पुढे जाते. पहिली गोष्ट झेपली नाही तर 'व्हॉमिटिंग पॉइंट' पाहा, मग ठरवा. आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका. चित्रं बघून ती पळत येतील, कार्टून लागलंय म्हणून. मालिका पूर्णपणे मोठ्यांची आहे.