पप्पांची चौथी निवडणूक

निकाल लागून तीन आठवडे झाले आणि काल पप्पांचा फोन आला, म्हणाले खर्चाचा हिशोब देऊन आलो, पोच घेतली, फाईलला लावली. हरलेल्यांनाही निकालापासून 30 दिवसांत हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षं उभं राहायला अपात्र ठरवतात, आणि बरेच अपक्ष पडल्यावर तिकडे फिरकतच नाहीत मग पुढच्या वेळी अडकतात. पप्पा अडकत नाहीत. 2005, 2010, 2015 आणि आता 2026, चार वेळा कोल्हापूर महापालिकेला उभे राहिले, चार वेळा पडले, आणि चारही वेळचा हिशोब चहाच्या पावतीसकट दिलाय.

ऑफिसमध्ये कळलं की माझे वडील निवडणूक लढवतात की पहिला प्रश्न पक्ष कुठला, दुसरा प्रश्न निवडून आले का, आणि नाही म्हटलं की तिसरा, मग परत परत का उभे राहतात. मी बरीच वर्षं याला "त्यांना आवड आहे" असं उत्तर देत आले. ते उत्तर चुकीचं आहे हे मला आतून माहीत होतं म्हणून आज बसून नीट लिहितेय.

आमचा छापखाना आहे. शुक्रवार पेठेच्या उताराला, गंगावेशपासून चालत पाच मिनिटं. आजोबांच्या काळात पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस होत्या, मी लहान असताना पप्पा उभ्याउभ्या खिळे जुळवायचे आणि मला उलटी अक्षरं वाचायला शिकवायचे. नंतर मिनी ऑफसेट आला. बिलबुकं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, तालमीच्या गणपतीची वर्गणीची पुस्तकं, हे सगळं आमच्याकडे. आणि दर पाच वर्षांनी निवडणुकीची पत्रकं. पत्रकाच्या खाली मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापावीच लागते, त्यामुळे कोण किती हजार प्रती काढतोय, कोण रात्री येऊन मजकूर बदलतोय, हे सगळं पप्पांच्या हातून जायचं. ते म्हणतात मी वीस वर्षं दुसऱ्यांची आश्वासनं जुळवली, एकेक खिळा उचलून, त्यामुळे मला ती पाठ होती आणि त्यातलं काय झालं काय नाही हेही मलाच दिसत होतं, दुकानाच्या दारातून.

2005 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला. प्रेसमध्ये कंबरेएवढं पाणी, कागदाची रिमं फुगून फुटली, खिळ्यांच्या केसेस गाळाने भरल्या. आम्ही वरच्या अंगाला मावशीकडे होतो, पप्पा मात्र गल्लीतच, कुणाच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन बाहेर काढ, कुणाच्या जनावराला सोड. पाणी उतरल्यावर त्यांनी बिलबुकाच्या कागदाची एक वही बांधली आणि घरोघरी जाऊन प्रत्येकाचं काय गेलं ते लिहून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या वहीवरून लोकांचे नुकसानीचे अर्ज भरले गेले. मग गल्लीतल्या चारदोन जणांनी म्हटलं, आता तुम्हीच उभं राहा की. ते राहिले, अपक्ष, चिन्ह छत्री. 212 मतं पडली, डिपॉझिट गेलं.

मी तेव्हा नववीत होते आणि मला शाळेत जायची लाज वाटायची. 212 हा आकडा कुणी फळ्यावर लिहून ठेवलाय असं वाटायचं. पप्पांना तसं काहीच वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शटर उघडलं, आणि जो निवडून आला त्याची आभाराची पत्रकं आमच्याच प्रेसवर छापून गेली. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकाही. पैसे थोडे कमीच घेतले म्हणे, घरातलं कार्य म्हणून.

2010 ची निवडणूक मात्र घरात सगळ्यांना लागली. तेव्हा एक वॉर्ड एक नगरसेवक अशी पद्धत होती, वॉर्ड लहान, सहासात हजार लोकवस्ती, म्हणजे पायी फिरून प्रत्येक घर दोनदा होतं. पाच वर्षं त्या वहीचं काम चालूच होतं, लाईट, गटर, दाखले, दवाखाना, आणि लोकांना ते दिसत होतं. एका पक्षाने स्वतःहून विचारलं, तिकीट देतो म्हणाले, एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत हातात देतो. पप्पा अर्ज घेऊन निवडणूक कार्यालयात बाकावर बसून राहिले. दोन वाजले, अडीच वाजले, फोन लागेना. फॉर्म दुसऱ्यालाच गेला होता, कालपर्यंत दुसऱ्या पक्षात असलेल्या माणसाला. त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह कपबशी मिळालं. 139 मतांनी पडले.

139. म्हणजे सत्तर माणसांनी इकडचं तिकडे केलं असतं तरी झालं असतं. मी त्या वर्षी पहिल्यांदा मतदान केलं, माझं पहिलं मत माझ्या वडिलांना. रात्री आई स्वयंपाकघरात बसून रडली, आणि पप्पा बूथप्रमाणे आकडे कागदावर मांडून बसलेले. मला राग आला होता खूप. ज्यांच्या घरी पूर आला तेव्हा हा माणूस पोचला त्यांच्यातल्याच काहींनी आदल्या रात्री पाकीट घेतलं हे सगळ्यांना माहीत होतं, नावानिशी माहीत होतं. मी म्हटलं तुम्ही यांच्यासाठी कशाला मरता. पप्पा म्हणाले, "अगं त्यांच्या घरात महिन्याला काय येतं ते मला माहीत आहे, तुला नाही. पाचशे रुपये म्हणजे त्यांच्या गॅसची टाकी आहे." एवढं बोलून परत आकडे. मी हे अजूनही पूर्ण मान्य केलेलं नाही, पाकीट देणारा तर चूकच पण घेणाराही चूक असं मला वाटतं, पण पप्पांनी त्या घरांशी बोलणं बंद केलं नाही आणि पुढच्या सोमवारी त्यातलीच एक बाई रेशनकार्डाचं काम घेऊन आली तेव्हा त्यांनी तिचा अर्ज भरून दिला.

2015 ला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तोवर महिलांना 50 टक्के जागा आल्या होत्या. लगेच सगळे घरी, वहिनींना उभं करा, तुम्ही काम करा, सही त्या करतील. माझी आई तशी फार बोलत नाही पण त्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "मी उभी राहिले तर सभेला मीच जाणार, आणि दुकान हे बघणार. चालतंय का?" कुणी काही बोललं नाही. पप्पा म्हणाले चालतंय. पण मग आईनेच रात्री विचार करून नको म्हणून सांगितलं, तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आजीचं तेव्हा सगळं अंथरुणातच होतं, तिला सोडून दारोदार फिरणं होणार नव्हतं. मला आजही वाटतं ती उभी राहिली असती तर निवडून आली असती.

पप्पा शेजारच्या वॉर्डातून उभे राहिले. शहराच्या यादीत नाव असलं की कुठल्याही वॉर्डातून अर्ज भरता येतो, सूचक-अनुमोदक तेवढे त्या वॉर्डातले लागतात. त्या वर्षी शहरात टोलचा विषय तापलेला, मोर्च्यांची पत्रकं पप्पांनी फुकट छापून दिलेली, तेवढ्या ओळखीवर गेले. 94 मतं. ही निवडणूक लढवायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे आणि पप्पांनाही ते पटलंय, दुसऱ्याच्या गल्लीत जाऊन मतं मागायची तर आधी पाच वर्षं तिथं बसावं लागतं.

मग 2019 चा पूर. ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट आहे, तेव्हा पाणी 55 च्या वर गेलं. आणि दोन वर्षांनी 2021 च्या जुलैत परत तेवढंच. मधे कोरोना. दोन्ही पुरात ऑफसेट मशीन पाण्यात, दुरुस्तीला काढलेलं कर्ज अजून थोडं बाकी आहे. आणि या सगळ्यात नोव्हेंबर 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली ती संपलीच. प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेस सुप्रीम कोर्टात, तारीख पे तारीख, शेवटी मे 2025 मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा हललं. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ शहराला एकही नगरसेवक नव्हता. मुंबई पुण्यातही पुढे तेच झालं पण आमच्याकडे ते आधी सुरू झालं.

लोकांनी जायचं कुठे? माजी नगरसेवक काही चांगले होते ते धावत होते, काहींनी फोन बदलले. आमच्या भागात लोक प्रेसवर यायचे. पप्पा निवडून आलेले नाहीत, त्यांच्याकडे लेटरहेड नाही, निधी नाही, कुणाला फोन करून "मी बोलतोय" म्हणायची सोय नाही, हे सगळ्यांना माहीत असूनही यायचे. 2021 ला मी वर्क फ्रॉम होममुळे कोल्हापुरातच होते म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलं. पाणी उतरल्यावर पंचनाम्याचे अर्ज, आधारची झेरॉक्स भिजलेली, बँक पासबुकाची पानं चिकटलेली, आणि पप्पा मशीनच्या गाळातून खुर्ची काढून बाहेर रस्त्यावर टेबल टाकून बसलेले. दिवसाला तीसचाळीस अर्ज. स्वतःच्या प्रेसचा पंचनामा सगळ्यात शेवटी करून घेतला, आईने दोनदा आठवण केल्यावर.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की निवडणूक आणि हे काम त्यांच्यासाठी वेगळं नाहीये. मी विचारलं होतं, नुसतं काम करा की, उभं कशाला राहता. तर म्हणाले, एरवी मी कुणाच्या दारात गेलो तर लोक विचारतात काय काम काढलं, पण उमेदवार म्हणून गेलो की आत बोलावतात, बसवतात आणि मनातलं बोलतात, शिव्यासुद्धा देतात, आणि मला कळतं तरी कुणाच्या घरात काय चाललंय. आणि दुसरं म्हणाले, कुणीच उभं राहिलं नाही तर जो उभा आहे त्याला विचारणार कोण? त्याला तरी कळू दे की दोनशे का असेना, माणसं वेगळं मागतायत.

या वेळी मात्र गणितच बदललं. एकसदस्यीय वॉर्ड गेले, 81 जागा तेवढ्याच पण 20 प्रभाग, एका प्रभागात चार नगरसेवक (एका ठिकाणी पाच). 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास, म्हणजे प्रभागात सत्तावीस हजार माणसं. पक्षाचं चौघांचं पॅनेल असतं, खर्च चौघांत वाटला जातो, चार भागातून चार जण गोळा होतात. अपक्ष एकटा. आणि मतदाराला चार बटणं दाबायची, अ ब क ड, चारही झाल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, त्यामुळे पॅनेलवाले सरळ सांगतात की एकच चिन्ह चार वेळा दाबा. त्यात मधेच एका जागेवर थांबून आमच्या पप्पांचं शिट्टीचं बटण शोधायचं. दर वेळी चिन्ह वेगळं मिळतं हा अजून एक त्रास, एक आजी यंदाही बूथबाहेर विचारत होत्या, कपबशी कुठाय बाळा. पंधरा वर्षांपूर्वीची कपबशी त्यांच्या लक्षात होती. मला तिथं रडूच आलं.

पप्पा आता 62 चे आहेत, गुडघे दुखतात. मी आठ दिवस सुट्टी टाकून गेले, भावाने स्लिपा वाटल्या, आईने या वेळी पहिल्यांदा पदयात्रेत पुढे चालून स्वतः मतं मागितली आणि माझ्या मते पप्पांपेक्षा चांगली मागितली. पत्रक आमच्याच प्रेसवर छापलं, मुद्रक तेच, उमेदवार तेच. त्यात आश्वासन एकही नाही. फक्त तीन गोष्टी, आत्तापर्यंत काय केलं, काय जमलं नाही, आणि प्रेसचा पत्ता. मी म्हटलं काहीतरी व्हिजन वगैरे टाकूया, तर म्हणाले मी ते शब्द फार छापलेत, नको.

15 जानेवारीला मतदान, 16 ला निकाल. 1,143 मतं. चौथा नंबर, डिपॉझिट याही वेळी गेलं, पाच हजार. पण आयुष्यात पहिल्यांदा मतं चार आकडी झाली.

संध्याकाळी घरी आल्यावर परत तोच कागद, तेच बूथप्रमाणे आकडे. शेजारीपाजारी येऊन बसून गेले, आईने सगळ्यांना पोहे केले. मग पप्पा एका आकड्यावर अडकले. प्रभागाच्या पार वरच्या टोकाचं एक बूथ, जिथं आपली ओळख नाही, पाहुणा नाही, गिऱ्हाईक नाही, प्रचारालासुद्धा एकदाच घाईघाईत गेलो होतो अंधार पडल्यावर. तिथून 61 मतं.

"आपलं तिथं कोणच नाही गं," म्हणाले. "मग ही एकसष्ट माणसं कोण?"

आई म्हणाली मतदान गुप्त असतं, कोण सांगणार आहे तुम्हाला. काल फोनवर सगळं हिशोबाचं बोलून झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाले, रविवारी प्रेस बंद असतो तर स्कूटर घेऊन तिकडं जाऊन येतो. मी म्हटलं पप्पा, तिथं जाऊन विचारणार काय? तर म्हणाले विचारत काही नाही, नुसता चहा पितो कुठंतरी, गल्ली तरी नीट बघून होईल उजेडात.