मान हलती ठेवायची होती

माझ्या मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मध्ये आता माझी स्वतःची गादी नाही. तिथे कोबाल्ट-क्रोम धातूच्या दोन पत्र्या आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक गुळगुळीत तुकडा बसवलाय, म्हणजे कृत्रिम डिस्क. हे कळलं की लोक आधी विचारतात, "मान वळते का?" वळते. मग विचारतात, "त्या डिस्कने दुखायचं थांबलं ना?" थांबलं, पण डिस्कने नाही. नस मोकळी केली म्हणून थांबलं, आणि नस मोकळी करायचं काम फ्यूजनमध्येही, म्हणजे दोन मणके जुळवून एक करायच्या ऑपरेशनमध्येही, अगदी तसंच होतं. खराब गादी काढल्यावर जी जागा रिकामी होते तिथे काय बसवायचं, एवढ्याच प्रश्नाचं कृत्रिम डिस्क हे एक उत्तर आहे. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आमच्या घरातल्या निम्म्या चर्चा वाचल्या असत्या.

मी नाशिकला ब्लाउज-ड्रेस शिवते. कटिंगला मान खाली, मशिनवर मान खाली, हातशिलाईला तर आणखीच. आमच्या धंद्यात मानदुखीचं कौतुक कुणी करत नाही. उजव्या फऱ्याच्या मागे ठणका लागला तेव्हा मी बाम चोळून लग्नसराई काढली. मग दंडातून थेट अंगठ्यापर्यंत सणक जायला लागली. रात्री उजवा हात डोक्यावर घेतला की तेवढं बरं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, डोक्यावर हात घेऊन झोपू नये, अवदसा येते घरात." पुढे डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं, हात वर घेतल्यावर आराम पडतो का म्हणून. हात वर गेला की दबलेल्या नसेवरचा ताण सैल होतो म्हणे. सासूबाईंना हे सांगितलं, पटलं नाही.

दुखणं एक वेळ सोसलं असतं. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर झालं. हूक लावताना सुई बोटांत आहे की सुटली, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागायचं. कात्री चालवताना कापड कुठे संपलं ते हाताला कळेना.

पहिल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मानेत नस दबलेल्यांपैकी बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत गोळ्या, व्यायाम आणि थोडी विश्रांती यांवरच आराम पडतो. मीही फिजिओथेरपी मन लावून केली. नसांच्या गोळीने मात्र भर दुपारी पेंग यायची, हातात कात्री असताना ते काही बरं नव्हे. कळ हळूहळू उतरली, पण ताकदही उतरली. भरलेला कुकर उचलला की मनगट मागे उभं राहीना. तपासताना डॉक्टरांनी कोपराच्या खोबणीत अंगठा ठेवून त्यावर रबरी हातोडी मारली. डावा हात टुणकन उडाला, उजवा नुसता पडून राहिला. दोनदा मारली, तिसऱ्यांदा मारली, काही नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी कागदावर एमआरआय लिहिला.

एमआरआयमध्ये गादी उजव्या बाजूला बाहेर येऊन सहाव्या नसेवर बसलेली दिसली. मुख्य मज्जारज्जूवर दाब नव्हता. तो असता तर चालताना तोल जाणं, ब्लाउजची बटणं न लागणं असलं काही सुरू झालं असतं आणि थांबायला वेळच मिळाला नसता. त्यासाठी डॉक्टरांनी मला एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालायला लावलं, मधलं बोट टिचकावून अंगठा आपोआप हलतो का तेही पाहिलं.

आता खरा घोळ. पहिल्या सर्जननी फ्यूजन सुचवलं. गळ्याच्या पुढून आत जायचं, गादी काढायची, नस मोकळी करायची, जागेत एक केज, म्हणजे आधाराचा छोटा पोकळ ठोकळा, बसवायचा, वर प्लेट-स्क्रू. दोन मणके जुळून एक हाड होतं. १९५० च्या दशकापासून चालत आलेलं ऑपरेशन आहे, भरवशाचं. मी कृत्रिम डिस्कचं विचारलं तर म्हणाले, "ती फॅशन आहे, पैसे जास्त असतील तर करा." इकडे माझ्या भाच्याचं म्हणणं, फ्यूजन म्हणजे जुनाट, आता सगळे डिस्कच बसवतात. दोघांपैकी एकानेही माझी मान हलवून बघितली नव्हती.

बहीण पुण्याला असते, म्हणून तिकडे दुसरं मत घेतलं. ते सर्जन म्हणाले, "ताई, डिस्क चांगली की फ्यूजन चांगलं ते नंतर बघू. आधी तुमचा तो सांधा अजून हलतोय का, ते पाहू." त्यांनी दोन साधे एक्स-रे सांगितले. एक हनुवटी छातीला टेकवून, एक मान मागे टाकून. दोन्ही फिल्म प्रकाशावर शेजारी लावल्या आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांमधला कोन मोजून दाखवला. दोन्ही फिल्ममध्ये तो वेगळा होता, म्हणजे सांधा जिवंत होता. तो आधीच जाम झालेला असता तर हलती डिस्क घालून काय उपयोग! आणि मणका वाजवीपेक्षा जास्त पुढे-मागे सरकत असता, तरीही डिस्क बाद.

मग सीटी स्कॅन झाला. मागचे छोटे सांधे झिजलेत का, आणि मणक्यांच्या मागून जाणारा पट्टा हाडासारखा कडक झालाय का, हे त्यात बघायचं होतं. हा पट्टा कडक होण्याचा प्रकार आपल्या आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. शेवटी हाडांची घनता. माझी पाळी जायचं वय जवळ आलेलं, त्यामुळे या तपासणीची मला जास्त धाकधूक होती. हाड ठिसूळ असेल तर डिस्क त्यात रुतते. १९६०च्या सुमारास स्वीडनमध्ये फर्नस्ट्रोम नावाच्या सर्जनने गादीच्या जागी चक्क पोलादी गोळे बसवले होते. बऱ्याच जणांच्या हाडात ते गोळे आत रुतत गेले. डॉक्टरांनी हे सांगितलं आणि मग आताच्या डिस्कला रुंद सपाट पत्र्या का असतात ते दाखवलं.

टेबलाच्या खणातून त्यांनी नमुन्याची डिस्क काढून माझ्या हातावर ठेवली. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. वरची-खालची बाजू खरखरीत, कारण त्यावर टायटॅनियमचा थर असतो, त्याच्यावर हाड धरतं. एका बाजूला बारीक दाते. मधला तुकडा पॉलिथिलीनचा, दोन्ही पत्र्या त्यावर घसरत कलतात. मी सवयीने अंगठ्याने खरखर चाचपायला गेले आणि काहीच कळेना, तेव्हा ती डाव्या हातात घेतली.

फ्यूजनने शेजारचे मणके बिघडतात, हे मला शिवणकामामुळे लगेच समजलं. ब्लाउजला एका जागी कडक बकरम लावलं की कापड फाटतं ते बकरमच्या कडेलाच. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेचं फ्यूजन झालेल्यांपैकी दरवर्षी साधारण ३ टक्के लोकांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झालेला दिसला, आणि दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा होईल असा अंदाज निघाला. पण डॉक्टरांनी लगेच ब्रेकही लावला: यातला किती दोष फ्यूजनचा आणि किती वयाचा, यावर त्यांच्यातच एकमत नाही. डिस्क आणि फ्यूजन यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सात-दहा वर्षांपर्यंत डिस्क मागे पडलेली नाही, पुन्हा ऑपरेशनची वेळही कमी जणांवर आली. मात्र त्यांतल्या बऱ्याच चाचण्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांच्याच पैशाने झालेल्या आहेत. हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि माझा विश्वास तिथे बसला.

माझ्या मुलीने याच काळात एक भारी गोष्ट शोधून काढली. हलती कृत्रिम डिस्क पहिल्यांदा नावारूपाला आली ती पूर्व बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये, १९८४ मध्ये. ती कंबरेची होती. बनवणारे दोन डॉक्टर, कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्यूटनर-यान्त्स. या कारिनबाई म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेली मुलगी! मणका हलता राहिला पाहिजे हे तिला सुचावं यात नवल नाही. अर्थात हे माझं मत. मानेच्या डिस्कला अमेरिकेत २००७ मध्ये परवानगी मिळाली, लागून असलेल्या दोन जागांसाठी २०१३ मध्ये. माझी एकच जागा होती.

विम्याचं प्रकरण मात्र रुग्णाने स्वतः लक्ष घालावं असं आहे. आमची पॉलिसी ह्यांच्या कंपनीची गटविम्याची, म्हणून थांबण्याची अट नव्हती. स्वतः काढलेल्या बऱ्याच पॉलिसींत मणक्याच्या गादीचे आजार पहिली दोन वर्षं धरतच नाहीत, तेव्हा तो कागद आधी वाचा. नुसत्या डिस्कचीच किंमत लाखाच्या पुढे होती, त्यामुळे मंजुरीच्या वेळी उलट प्रश्न आला: फ्यूजनने भागत असताना ही का? २०२४ पासून नियम असा आहे की कॅशलेसचा निर्णय विमा कंपनीने एका तासात द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळचा तीन तासांत. कागदावर छान दिसतो. "अधिक माहिती हवी" असं एक पत्र आलं की तास कुठला आणि काय! शेवटी डॉक्टरांनी मान वाकवलेले ते दोन एक्स-रे, हाडांचा रिपोर्ट आणि अर्ध्या पानाचं कारण जोडून पाठवलं, तेव्हा मंजुरी आली. एक तपासणी दोन ठिकाणी उपयोगी पडली. डिस्कच्या खोक्यावरचे स्टिकर बिलाला आणि डिस्चार्जच्या फाइलला लावलेत ना, हे मीच सिस्टरना विचारून घेतलं. त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो, पुढे कधी भानगड झाली तर तोच पुरावा.

ऑपरेशनबद्दल मला आठवतं ते थिएटरमधला गारठा आणि भूल देणाऱ्या मॅडमचं "ताई, शिवता काय तुम्ही?" एवढंच. बाकीचं नंतर विचारून घेतलेलं. उताणं झोपवतात, एक्स-रेत खालचे मणके दिसावेत म्हणून दोन्ही खांदे चिकटपट्टीने पायांकडे ओढून ठेवतात. गळ्याच्या घडीतच छोटा आडवा छेद. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारली की मणका समोर येतो, स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. गादी काढून सूक्ष्मदर्शकाखाली नस मोकळी करतात. मग वेगवेगळ्या मापांचे नमुने घालून बघतात आणि सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, मध्य जुळवून खरी डिस्क बसवतात. माप चुकवून मोठी घातली तर सांधा ताणला जातो आणि हलतच नाही. ट्रायल घेऊनच फिटिंग, हे ऐकून मला बरं वाटलं.

शुद्धीवर आले तेव्हा हातातली सणक गेलेली होती. खोटं वाटेल, पण तशीच गेली. गळ्याचं मात्र कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस पाण्याचा घोटसुद्धा अडकल्यासारखा वाटायचा. बहिणीने मऊ भात तूप घालून मिक्सरमधून काढून दिला, तो चमच्या-चमच्याने गिळला. आवाज घोगरा झाला होता, फोनवर गिऱ्हाईक बाया विचारायच्या, "ताई आहेत का?" फऱ्यांच्या मधे नवीनच दुखायला लागलं. गादीची जागा पुन्हा उंच झाल्यामुळे ते होतं म्हणे, आणि आपोआप गेलं.

मानेला घालायचा कडक पट्टा दिला नाही. फ्यूजनवाल्या रुग्णांत तो बऱ्याचदा देतात, इथे उलट मान हळूहळू हलवा असंच सांगितलं. काही आठवडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या होत्या, दुखत नसलं तरी घ्यायच्या, कारण डिस्कभोवती नको तिथे हाड वाढू शकतं आणि त्या ते रोखायला मदत करतात. पित्ताची गोळी सोबत होतीच. नाशिकला परतताना चंदनापुरीच्या घाटात वळणावळणाला मी सीट धरून बसले होते, काही झालं नाही.

कटिंग टेबलाखाली मी चारी पायांना लाकडी ठोकळे लावून घेतलेत, आता ते पोटाच्या वर येतं आणि मान तेवढी झुकवावी लागत नाही. जड पडद्यांची कामं सोडली. मनगटाची ताकद आली, कुकर उचलते. अंगठ्याच्या टोकाला मात्र अजून थोडा बधिरपणा आहे. नस किती काळ दबलेली होती त्यावर ते अवलंबून असतं, आणि राहिलंच तर राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

वर्षानंतरच्या एक्स-रेत डिस्क वाकताना दिसली. पुढच्या कडेला हाडाची बारीकशी टोच आलीय, ती वाढून पूल बांधला तर डिस्क असूनही सांधा जाम होईल. सध्या ती हलण्याच्या आड येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन एक्स-रे काढायचेत. मानेचा एमआरआय कधी काढावा लागलाच, तर धातूमुळे तिथलं चित्र फाटल्यासारखं येतं, म्हणून ऑपरेशनआधीच्या फिल्म आणि सीडी मी त्याच फाइलमध्ये ठेवल्यात, स्टिकरसकट.