पानशेतचा पूर आणि माझा नववीचा वर्ग

पुण्यात वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. टिळक पुण्यतिथी, शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन, प्रत्येकाच्या नावाने एक ढाल ठरलेली. घरच्यांनी लिहून दिलेलं भाषण पोरं ‘व्यासपीठावरील मान्यवर’पासून ‘जय महाराष्ट्र’पर्यंत घडाघडा म्हणतात. मधलं एखादं वाक्य विसरलं की सगळं ठप्प. मी मराठी शिकवते, अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. बक्षीस घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात साधा प्रश्न विचारला तरी खाली बघतो, हे मला कित्येक वर्षं खटकत होतं.

एका प्रशिक्षणात ‘डीपर लर्निंग’वर, म्हणजे खोलात जाऊन शिकण्यावर, सत्र होतं. अमेरिकेतल्या ह्युलेट फाउंडेशनने त्यात सहा गोष्टी धरल्या आहेत: विषयाचं पक्कं ज्ञान, चिकित्सक विचार, मिळून काम करणं, प्रभावी संवाद, शिकावं कसं हे कळणं आणि आपल्याला जमेल हा विश्वास. प्रशिक्षणातल्या स्लाइड मी एरवी चहाबरोबर विसरते. ही राहिली, कारण त्यात संवादाला वेगळा कप्पा दिलेला नव्हता. विषय खोदता खोदता बोलणं यायला हवं, असा एकूण रोख होता. मग खोदण्यासारखा विषय हवा.

तो वर्गातच होता. आमच्याकडे गोखलेनगर-जनवाडी भागातली बरीच मुलं येतात. पानशेतच्या पुरानंतर उठवलेल्या लोकांना तिथे वसवलेलं. ‘पूरग्रस्त’ हा शब्द त्यांच्या कानांवर रोजचा. पण कुठला पूर म्हणून विचारलं, तर एकाने 2019 चा आंबिल ओढ्याचा पूर सांगितला. 12 जुलै 1961 ला काम पुरतं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, तो लोंढा खालच्या खडकवासला धरणावर आदळून तेही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे मोजक्यांनाच माहीत होतं. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. म्हणजे विचारायचं तर आत्ताच. ठरवलं, की मुलांनी त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, लिहून काढायच्या आणि लोकांसमोर मांडायच्या.

मुख्याध्यापकांनी ‘चाचणी झाल्यावर काय ते करा’ म्हणून परवानगी दिली. पालकसभेत अपेक्षित प्रश्न आला, ‘बाई, पोर्शनचं काय?’ मी सांगितलं की उपयोजित लेखनातली बातमी आणि पत्र यातच होणार, आणि भाषेच्या 20 अंतर्गत गुणांचं कामही यातूनच निघेल. गुणांचं नाव काढलं की सभा शांत होते.

पाच-सहा जणांचे गट केले. पहिली फेरी निरुत्तर करणारी होती. प्रश्नावली पाठ करून गेलेल्या मुलीने एका आजींना विचारलं, ‘पुराच्या वेळी तुम्हाला कसं वाटलं?’ आजी म्हणाल्या, ‘कसं वाटणार बाळ, वाईट वाटलं.’ मुलीने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न वाचला. त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग मी वर्गात ऐकवलं आणि एवढंच विचारलं की आजींच्या घरातलं आपल्याला काय काय दिसलं. कुणालाच काही दिसलं नव्हतं.

मग आम्ही निव्वळ ऐकण्याचा सराव केला. जोड्या लावल्या. एकाने आपल्या घरातल्या सकाळबद्दल बोलायचं, दुसऱ्याने समोरच्याच्या उत्तरातलाच शब्द उचलून पुढचा प्रश्न विचारायचा, हातात कागद नाही. सुरुवातीला वर्गाचा मासळीबाजार झाला, शेजारच्या वर्गातून निरोपही आला. पण पोरांना चाळा लागला. दुसऱ्यांदा तीच मुलगी आजींकडे गेली आणि तिने विचारलं, ‘तेव्हा घरात काय शिजत होतं?’ आजी थांबेचनात. चुलीवरचं आधण, धान्याचा डबा डोक्यावर घेतलेली आई, वर जायला नाही म्हणणारी सासू, दोन दिवसांनी परतल्यावर जात्यापर्यंत साचलेला चिखल. आणि सगळ्यात शेवटी, पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नव्हतं ही तक्रार. पोरं चक्रावली. एवढं पाणी आणि पाणी नाही? भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नकाशा काढला. शहराला पाणी खडकवासल्यातून यायचं आणि ते धरणच रिकामं झालेलं. लोक जुन्या विहिरींकडे वळले. हे समजून घेतलेली मुलगी नंतर ते कुणालाही न अडखळता सांगत होती, कारण आता त्यात पाठ करण्यासारखं काही नव्हतं.

लिखाणाच्या टप्प्याला मी ‘छान आहे’ या शेऱ्यावर बंदी घातली. रॉन बर्गर या अमेरिकन शिक्षकाचा एक नियम आहे, की शेरा सौम्य हवा, नेमका हवा, उपयोगी हवा. पुण्यात ‘नेमका’ लगेच जमला, ‘सौम्य’ला वेळ लागला. एका गटाने मृतांचा मोठा आकडा ठोकून दिला होता. वर्ग तुटून पडला, ‘कशावरून?’ गटाला सांगता येईना. शेवटी त्यांनी तो काढून आपल्या मुलाखतीतल्या माणसाने स्वतः काय पाहिलं तेवढंच ठेवलं. दोन गटांनी नेटवरून उतरवून आणलं, ते ‘मोठ्या प्रमाणावर जीवित व वित्तहानी’ या भाषेवरूनच ओळखू आलं. चौदा वर्षांचं पोर असं बोलत नाही.

सादरीकरण शाळेत ठेवलं नाही. वस्तीतल्या समाजमंदिरात, शनिवारी दुपारी, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यासमोर. मला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. मलाच सांगायचं असतं तर पोरांनी गुणांसाठी सांगितलं असतं. इथे समोरच्यांना त्यांच्याहून जास्त माहीत होतं. एक मुलगा लकडी पुलाजवळच्या पाण्याबद्दल बोलत असताना मागून एक आजोबा ओरडले, ‘चूक! पाणी आधी आमच्या वाड्यात आलं.’ माझ्या पोटात गोळा आला. मुलाने क्षणभर कागदाकडे बघितलं, मग माइक घेऊन खुर्च्यांमधून त्यांच्यापर्यंत गेला आणि म्हणाला, ‘आजोबा, वाडा कुठे होता तुमचा?’ पुढे दोघंही बोलत राहिले. आजोबांचं म्हणणं आणि आधीचं म्हणणं जुळत नव्हतं, ते त्याने तसंच दोन्ही मांडलं.

सगळीच मुलं माइकवर आली नाहीत. एका मुलीने फक्त नकाशा आणि त्याखालच्या ओळी केल्या. मी तिला त्याचे पूर्ण गुण दिले, आणि यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. माझं मत कायम आहे: नकाशा वाचून माणसं थांबली, म्हणजे ती मुलगी त्यांच्याशी बोललीच. वर्गात साठ मुलं असताना मात्र हे काम दमवतं. तासिका एकमेकांना देणारे सहकारी नसतील तर कुणी एकट्याने हातात घेऊ नये.

पुढच्या वर्षी इतिहासाच्या सरांना कात्रजचा नळ घ्यायचा आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा. त्यात अडचण अशी की मुलाखतीला पेशवेकाळातलं कुणी नाही. जुन्या वाड्यांत ज्यांच्याकडे या नळाचे हौद आहेत त्यांची यादी करायला मी सरांना सांगितलं आहे. उच्छ्वासांची, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडायला बांधलेल्या मनोऱ्यांची, ठिकाणं ठाऊक असलेली माणसं शोधायचं काम माझ्याकडे.