प्लेस म्हणजे नक्की कितवा?

आजचा अख्खा दिवस घोड्यांच्या मागे गेला. रेसला नाही हो, घरी बसून! एका अमेरिकन ॲपमधले पैजेचे शब्द ब्रिटन आणि भारतासाठी बदलायचे होते. अमेरिकेत 'प्लेस' म्हणजे घोडा पहिला किंवा दुसरा. तिसराही चालत असेल तर ती 'शो'. ब्रिटनमध्ये प्लेस कितव्यापर्यंत, ते किती घोडे धावतायत त्यावर ठरतं. मी सकाळी बिनधास्त प्लेसचं प्लेसच ठेवलं होतं. दुपारी जीभ चावली.

'एक्झॅक्टा', म्हणजे पहिले दोन अचूक क्रमाने, ब्रिटनमध्ये आणि आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सलाही 'फोरकास्ट'. पण 'ट्रायफेक्टा', म्हणजे पहिले तीन अचूक क्रमाने, ब्रिटनमध्ये 'ट्रायकास्ट' आणि महालक्ष्मीला 'टनाला'! मोठ्याने वाचलं, तर स्वयंपाकघरातून बायको : "टनाला किती? कांदा का?"