फ्लोराइट ९७ टक्क्यांवर नेताना: फ्लोटेशनचा माझा अनुभव

फ्लोराइट (कॅल्शियम फ्लोराइड) ९७ टक्के शुद्धतेपर्यंत न्यायचं ते फ्लोटेशनने, म्हणजे दळलेल्या धातुकातून हवं ते खनिज फेसाबरोबर वर आणून. त्यात क्वार्ट्झ त्यामानाने सोपा, खरा छळतो तो कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट). दोन्ही खनिजांच्या पृष्ठभागावर कॅल्शियम असतं आणि खनिजाला फेसावर चढवणारं ओलेइक आम्ल कॅल्शियमलाच चिकटतं. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या अंबाडोंगरसारखं कार्बोनेटाइटमधलं (कार्बोनेट खनिजांच्या अग्निजन्य खडकातलं) धातुक असेल, तर सगळी लढाई इथेच.

प्रयोगशाळेत मी अडीच लिटरच्या सेलमध्ये ७५० ग्रॅम माल घेतो, म्हणजे स्लरीत (पाणी आणि दळलेल्या मालाच्या मिश्रणात) साधारण २५ टक्के घन. ८० टक्के माल ७५ मायक्रॉनखाली आला की दळण थांबवायचं. फ्लोराइट ठिसूळ असतं. जास्त दळलं की बारीक गाळ होतो आणि रसायन तोच पिऊन टाकतो. उलट भरड राहिलं तर कॅल्साइट चिकटलेले जोडकण फेसाबरोबर वर येतात.

रसायनांचा क्रम बदलू नये. आधी सोडा ॲश, सामू ९ ते ९.५ होईपर्यंत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तो जास्त लागतो, पण टाळता येत नाही, कारण पाण्यातलं मोकळं कॅल्शियम ओलेइक आम्लाचा साबण करून ते फुकट घालवतं. मग सिलिका (क्वार्ट्झ) दाबायला, म्हणजे फेसात येऊ न द्यायला, सोडियम सिलिकेट, टनाला ५०० ते १००० ग्रॅम. मग कॅल्साइट दाबायला क्वेब्राको (झाडापासून मिळणारं टॅनिन), टनाला सुमारे २००. या नमुन्याला ते ०.१५ ग्रॅम होतं, म्हणजे एक टक्का द्रावणाचे १५ मिली. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं ढवळणं. ओलेइक आम्ल सर्वांत शेवटी, टनाला ३०० ते ५००. थंडीत ते घट्ट होतं आणि नुसतं टाकलं तर तवंगासारखं तरंगत राहतं. म्हणून कोमट पाण्यात थोड्या सोड्याबरोबर फेटून घालतो. स्लरी ३५ अंशांच्या खाली असेल तर उगाच डोस वाढवत बसू नका, आधी पाणी तापवा.

रफरमध्ये (पहिल्या फ्लोटेशनमध्ये) रिकव्हरी, म्हणजे किती फ्लोराइट हाती आलं ते पाहायचं, ग्रेड (शुद्धता) नाही. ग्रेड येते क्लीनरमध्ये, म्हणजे तोच फेस पुन्हा पुन्हा फ्लोट करताना: पाच-सहा टप्पे, घन १०-१५ टक्के, प्रत्येक टप्प्याला चिमूटभर क्वेब्राको. हात सैल सुटला तर फ्लोराइटही दबतं, फेस पातळ आणि पाणचट होतो.

रिपोर्टची वाट न बघता कॉन्सन्ट्रेटचे (शेवटी हाती आलेल्या शुद्ध मालाचे) चार कण पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली ठेवावेत. क्रॉस्ड पोलर्समध्ये (काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) फ्लोराइट काळं राहतं, कॅल्साइट लखलखतं. यूव्ही दिव्यावर मी विसंबत नाही. सगळंच फ्लोराइट चमकत नाही.

कॉन्सन्ट्रेटमध्ये सिलिका एक-दीड टक्क्याच्या आत हवी, याला कारण आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवताना एक किलो सिलिका २.६ ते ३.९ किलो फ्लोराइट खाते. कॅल्साइट गंधकाम्ल खातो, वर वायू सोडून भट्टीत फेस काढतो.

सुट्या टेस्टमध्ये क्लीनरची टेलिंग (फेसात न आलेला उरलेला माल) बाजूला काढलेली असते, म्हणून आकडे देखणे दिसतात. प्लांटमध्ये तीच टेलिंग परत फिरते, सोबत कॅल्साइट आणि उरलेला क्वेब्राको घेऊन. त्यामुळे सहा फेऱ्यांची लॉक्ड सायकल (एका फेरीची टेलिंग पुढच्या फेरीत घालून केलेली टेस्ट) केल्याशिवाय मी ग्रेड सांगत नाही. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत वजनं स्थिरावली नाहीत, तर पहिल्या क्लीनरची टेलिंग थेट रफरला परत न पाठवता आधी पुन्हा दळावी.