अकरा दिवस शिल्लक

तो आला होता फक्त प्रवास विम्यासाठी. 2024 सालचा ऑगस्ट संपत आलेला, रविवारी 1 सप्टेंबरला त्याचं जर्मनीचं विमान. "व्हिसा आहेच मॅडम, वर्षभराचा, मल्टिपल एंट्री," असं म्हणत त्याने पासपोर्ट पुढे सरकवला. परतीचं तिकीट 28 तारखेचं. पॉलिसी काढून दिली असती की माझं काम संपलं असतं. पण शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, स्टिकर दिसला की माझा हात आपसूक शिक्क्यांच्या पानांकडे जातो. व्हिसाच्या कामातली जुनी खोड.

शिक्क्यात सगळं असतं: देशाचं अक्षर, तारीख, आत की बाहेर ते सांगणारा बाण आणि विमानाचं चिमुकलं चित्र. 8 एप्रिलला आत, 17 मेला बाहेर. मग 24 जूनला आत. बाहेर पडल्याचा शिक्का मात्र जुन्या शिक्क्यावरच उमटलेला. पान खिडकीकडे तिरकं धरलं तेव्हा कुठे 1 ऑगस्ट लागला. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे. म्हणजे चाळीस आणि एकोणचाळीस. मी दोनदा मोजलं.

"तुमचे अकरा दिवस उरलेत."

तो हसला. त्याला वाटलं, व्हिसा संपायला अकरा दिवस आहेत असं मी म्हणतेय. त्याने स्टिकरवरच्या 'पर्यंत'च्या तारखेवर बोट ठेवलं. मी त्याच्याच बोटाखालचा छोटा आकडा दाखवला: 90. स्टिकरची मुदत वर्षाची, पण कुठल्याही 180 दिवसांत राहायचं नव्वदच दिवस. ही 180 दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. त्याचे एप्रिलचे दिवस 5 ऑक्टोबरपासून एकेक करून सुटणार होते, त्याआधी नाही. 12 सप्टेंबरला तो तिथे असता तर बेकायदा असता.

त्याने साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, "मग टुरिस्टवर पाठवा की!" मला हसू आवरेना. पर्यटन काय, बिझनेस काय, अल्पमुदतीचा व्हिसा एकच, 'सी' प्रकारचा, आणि नव्वदचं गणितही एकच.

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "तिथे दिवसभर करता काय?"

"मीटिंग."

"एकोणचाळीस दिवस?"

मग हळूहळू बाहेर आलं. क्लायंटच्या ऑफिसात ठरलेली खुर्ची, गळ्यात त्यांचंच ओळखपत्र, सकाळी नऊपासून त्यांच्या टीमबरोबर कोडिंग. "पण पगार तर आमचीच कंपनी देते ना!" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पगार कुठल्या खात्यात पडतो यावर व्हिसा ठरत नाही. काम कुठे बसून करता यावर ठरतो. वाटाघाटी, करार, प्रदर्शन, परिषद यांना बिझनेस व्हिसा चालतो. आपण विकलेलं यंत्र बसवून देणाऱ्यांना काही देश सवलत देतात. याच्या कामाला मात्र कामाच्या परवानगीसकट 'डी', म्हणजे राष्ट्रीय व्हिसा हवा होता. कंपनीला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. 'डी'ला वेळ लागतो, 'सी'च्या अर्जाचा निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो. हिशेब एवढाच. सापडल्यावर परत पाठवतात ते मात्र ज्याच्या नावाचा पासपोर्ट असेल त्याला.

"शिक्के खरंच कुणी मोजतं का?" त्याने जाता जाता विचारलं.

तेव्हा तिथल्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीतला अधिकारी मोजायचा, कधी नीट, कधी वरवर. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे टप्प्याटप्प्याने संगणकावर नोंद सुरू झाली. यंत्राला पान तिरकं धरावं लागत नाही.

विमा न काढताच तो गेला. पुढच्या सोमवारी त्याच कंपनीतून पाकीट आलं: दुसऱ्याच एका मुलाचा कोरा करकरीत पासपोर्ट आणि कव्हरिंग लेटर. जाण्याचं कारण, मीटिंग. मुक्काम, 85 दिवस.